इंजिन सुरू होऊ नये म्हणून

टाकीत पेट्रोल आहे. इंजिन ठणठणीत आहे. आणि तरीही ते पेट्रोल जळू नये म्हणून एक सुशिक्षित कुटुंब मिशिगनच्या जानेवारीत हातमोजे घालून, कानटोप्या ओढून, नाकाचे शेंडे लाल करून गाडीत गुपचूप बसलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्यांचा हीटर बिघडलाय. हीटरला काही झालेलं नसतं. तो नवऱ्याने बंद ठेवलेला असतो, कारण हीटर लावला की बॅटरीतले मैल गळतात आणि मैल गळले की घर यायच्या आत इंजिन सुरू होतं. इंजिन सुरू होणं ही आमच्या घरात मानहानीची बाब आहे.

निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीवाल्यांचं मी समजू शकते. त्यांची बॅटरी संपली की गाडी रस्त्यात उभी. त्यांची काटकसर भीतीपोटी असते. आमची गाडी प्लग-इन हायब्रीड. रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची, सकाळी विजेवर निघायचं, आणि वीज संपली की ती अवाक्षर न काढता पेट्रोलवर जाते आणि पुढे तीनशेहून जास्त मैल पळते. अडकायची भीती नाही, खोळंबा नाही. पैशाचा प्रश्न म्हणाल तर तोही नाही, त्या हिशोबाकडे येतेच. तरीही नवरा टाकीतल्या पेट्रोलकडे ज्या नजरेने बघतो ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. सांगलीला माझे वडील बँकेतल्या एफडीकडे असंच बघायचे. ती आहे, हा आधार. ती मोडायची नाही, हा धर्म.

गाडी शेव्हरोले व्होल्ट. जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉईटच्या ऑटो शोमध्ये ती नमुना म्हणून मांडली गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती पडल्या. मागचा विचार साधा होता. बहुतेक अमेरिकन माणसं रोज कामावर जाऊन-येऊन चाळीस मैलांच्या आतच गाडी चालवतात. तेवढं विजेवर भागावं, त्यापुढचं पेट्रोलने बघून घ्यावं. आमची गाडी २०१३ ची, सरकारी चाचणीप्रमाणे विजेवर ३८ मैल जाणारी. आम्ही राहतो नोवायमध्ये, नवऱ्याचं ऑफिस ट्रॉयला. जाऊन-येऊन ४५ मैल. ऑफिसात गाडीसाठी प्लग नाही. ३८ आणि ४५ यांच्यामधले जे सात मैल उरतात त्यांनी आमच्या संसारात एखाद्या पाहुण्यासारखं नव्हे, चांगलं घरच्यासारखं बस्तान बसवलं.

शिवाय या गावाची रचनाच अशी की मैल विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. डेट्रॉईटच्या मध्यातून मोजायला सुरुवात करून उत्तरेकडे दर मैलाला एक आडवा रस्ता आणि त्याचं नावही तेच: एट माईल, नाईन माईल, टेन माईल. दुसऱ्या गावात दूध आणायला जाताना माणूस नुसता दूध आणायला जातो. आमच्याकडे टेन माईलवरून ट्वेल्व्ह माईलला गेलं की नवरा मनात दोन वजा करतो.

या गाडीत माणसं चार बसतात. पाच नाहीत, चारच. बॅटरी इंग्रजी टी अक्षरासारखी मधोमध आडवी-उभी पसरलेली, त्यामुळे मागच्या सीटवर मधला माणूस बसायचा तिथे बॅटरीचा उंचवटा आहे. आम्ही दोघं, मुलगी, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे सासू-सासरे मिळून पाच. म्हणजे सगळ्यांनी मिळून कुठे जायचं तर एकाला घरी ठेवायचं किंवा शेजारच्यांच्या गाडीत कोंबायचं. ‘काय गाडी घेतलीस रे,’ सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘आईबापांपैकी एकालाच बसवता येतं.’

सासरे मात्र गाडीवर बेहद्द खूश. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. मंडळाच्या कंपन्या झाल्या, नावं बदलली, पण यांच्या तोंडी अजून मंडळच. नोकरीतली बरीच वर्षं भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रात, २१० मेगावॉटच्या संचांवर गेली. जन्मभर विजेशी संसार केलेल्या माणसाला विजेवरची गाडी दाखवल्यावर जे व्हायचं ते झालं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं नाही, सीट दाबून पाहिलं नाही, रंगाचंही कौतुक केलं नाही. त्यांनी विचारलं, ‘मीटर कुठंय?’

मीटर दाखवल्यावर त्यांनी खिशातली डायरी काढली. बॅटरी साडेसोळा युनिटांची, पण त्यातली अकराच्या आतबाहेर वापरायला मिळतात, बाकी गाडी स्वतःच राखून ठेवते म्हणजे बॅटरी लवकर म्हातारी होत नाही, हे कळल्यावर ते मान हलवत म्हणाले, ‘बरोबर आहे. संच शंभर टक्क्यांवर कायम चालवला की बसलाच.’ मग भागाकार केला. एका युनिटात साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. ‘आपला पुण्याचा गिझर अर्धा तास लावला की एक युनिट जातं,’ ते सासूबाईंना म्हणाले. ‘तुझी एक आंघोळ म्हणजे स्वारगेट ते शिवाजीनगर, वर परतीचं थोडं.’ सासूबाईंनी त्या दिवशी मुद्दाम दोन बादल्या जास्त घेतल्या.

पण खरी गंमत त्या हिरव्या गोळ्याची. स्टिअरिंगच्या मागच्या पडद्यावर उजव्या कडेला एक उभी पट्टी, तिच्या मधोमध पानांची नक्षी असलेला गोळा. गाडी सौम्यपणे चालवली की तो मधोमध हिरवागार गरगरत राहतो. पाय जोरात दाबला की वर जातो आणि पिवळा पडतो. ब्रेक कचकन मारला की खाली जातो आणि पुन्हा पिवळा पडतो. ना आवाज करतो, ना शिवी देतो. नुसता पिवळा पडतो. वीस वर्षं त्याच्याबरोबर गाडीत बसून ‘अहो, हळू’ असं मी जे सांगत आले त्याचा जो परिणाम झाला नाही तो या गोळ्याने आठवड्याभरात केला. सिग्नल दोन चौक लांब असताना नवरा पाय काढून घ्यायला लागला. गिअर ‘एल’वर ठेवायचा, त्यात पाय उचलला की मोटरच उलटी होऊन चाकांना धरते आणि गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो. ब्रेकच्या पायाला कामच नाही.

सुरुवातीला त्याला या परतीच्या विजेचं इतकं अप्रूप की उतारावर तो ‘बघ, कमाई होतेय’ म्हणायचा. मिशिगन हे परातीसारखं सपाट राज्य, उतार तो कितीसा असणार! हायवेवरून खाली उतरणारा वळणरस्ता एवढीच आमची कमाई. सासऱ्यांनी मात्र ही झिंग उतरवली. ‘अरे, वीज देऊन वेग घेतलास, वेग देऊन वीज घेतोस, दोन्ही वेळा वाटेत थोडी सांडतेच. जेवढी दिलीस तेवढी परत कशी येईल? त्यापेक्षा मुळात थांबायलाच लागू नये असं बघ.’ म्हणजे सिग्नलला लाल असताना धावत जाऊन थांबायचं नाही, तर रखडत रखडत असं पोचायचं की तोवर हिरवा व्हावा. हे त्याने इतकं मनावर घेतलं की ट्वेल्व्ह माईलवरच्या प्रत्येक सिग्नलची वेळ त्याला पाठ झाली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण फोन करून देतो, सिग्नलांना फोन लागत नाही.

ट्वेल्व्ह माईलच का, तर हायवे वर्ज्य. हवा ही गोष्ट हळू चालणाऱ्याला हवीहवीशी आणि पळणाऱ्याची वैरी. ताशी ५५ मैलांवरून ७० वर गेलं तर वेग वाढतो सव्वापट, पण हवेचा विरोध वाढतो दीडपटीहून जास्त, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शाळेत हे आपण सगळेच शिकलो, मार्क मिळवून विसरलो. नवऱ्याला ते चाळिशीनंतर मनापासून पटलं. आय-६९६ वर ७० ने गेलं तर सात मैलांचा प्रश्न दहा मैलांचा होतो. म्हणून मग आतल्या रस्त्याने, ४५ च्या मर्यादेत, शाळेच्या बसमागून, जाताना वीस मिनिटं जास्त आणि येताना वीस.

इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तेव्हा पेट्रोल चारच्या आसपास डॉलर गॅलन, या गाडीला वरच्या दर्जाचंच लागतं, आणि पेट्रोलवर ती गॅलनमागे ३७ मैल जाते. म्हणजे मैलाला साडेदहा-अकरा सेंट. सात मैल वाचवले की पाऊण डॉलर. त्यासाठी चाळीस मिनिटं. मिनिटाला दोन सेंट सुद्धा पडत नाहीत. मी हा हिशोब जेवणाच्या टेबलावर मांडला. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, ‘पैशासाठी कोण करतंय?’ हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

डेट्रॉईटच्या मराठी मंडळींत हा विषय काढायची सोय नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जमलेल्यांतला दर दुसरा माणूस गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागाचा जाणकार. सीओईपी नाहीतर वालचंदमधून निघून कोणी वीस वर्षं दारांच्या रबरी पट्ट्यांवर काढलेली, कोणी आरशांवर, कोणी नुसत्या नटबोल्टांवर. पट्टीवाल्याचं मत, गाडी वारा पट्ट्यांतून खाते. आरसेवाल्याचं मत, आरसे काढून कॅमेरे लावा, आणखी मैल मिळतील. टायरवाला म्हणाला, सगळं सोड, हवा बघ. त्याचं मात्र खरं होतं. या गाडीच्या टायरांत ३८ पौंड हवा लागते आणि थंडी पडली की दर दहा फॅरेनहाइटला एखादा पौंड उतरते. म्हणजे ऑक्टोबरात भरलेली हवा डिसेंबरात दोन-तीन पौंडांनी कमी. टायर बसका झाला की रस्त्याला जास्त घासतो, आणि तेवढी वीज फुकट. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नवरा गेज घेऊन चार चाकांपुढे आळीपाळीने गुडघे टेकतो. देवाची पूजा सासूबाई करतात.

वजन कमी करायचाही एक हंगाम येऊन गेला. डिकीतून माझी घडीची खुर्ची गेली, मुलीचे स्केट गेले, वीस पौंडांचं तांदळाचं पोतं दुकानातून थेट घरी यायला लागलं. टाकी पूर्ण भरणंही बंद झालं, दोन-तीन गॅलनच ठेवायचं. सासूबाईंनी त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बघत एवढंच म्हटलं, ‘हेही उतरवून ठेवता येतं का बघ.’

आता थंडी. खरा इस्कोट तिथेच होतो. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते आणि त्याच वाया गेलेल्या उष्णतेवर गाडीची ऊब फुकटात निघते. शंभर वर्षं आपण या उधळपट्टीला हीटर म्हणत आलो. विजेची मोटर असली उधळपट्टी करत नाही, त्यामुळे उबेसाठी वेगळी वीज मोजावी लागते. बॅटरीही गारठ्यात आखडते. उन्हाळ्यात शर्थ करून ४५ पर्यंत ताणलेले मैल जानेवारीत पंचविसावर येतात. मग युक्त्या सुरू. अख्ख्या गाडीची हवा तापवण्यापेक्षा सीट तापवायची. कमी विजेत भागतं आणि ऊब थेट कामाच्या जागी लागते. निघण्याआधी गाडी प्लगला असतानाच किल्लीवरचं बटण दाबून तापवून घ्यायची, म्हणजे ऊब भिंतीतल्या विजेची आणि बॅटरी भरलेलीच. यात एक मेख अशी की साध्या ११० च्या प्लगमधून हीटरला पुरेल एवढी वीज येतच नाही, उरलेली तो बॅटरीतूनच ओढतो. ते लक्षात आल्यावर गॅरेजात २४० चा चार्जर बसला. सासऱ्यांनी जवळ उभं राहून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग दोनदा तपासून घेतलं. त्यांना त्याची इंग्रजी बोली कळत नव्हती, त्याला यांची. वायर दोघांनाही कळत होती.

आणि फारच थंडी पडली तर गाडी कोणाचंही ऐकत नाही. बाहेरचं तापमान अमुक अंशांखाली गेलं की बॅटरी भरलेली असूनही ती ऊब देण्यासाठी इंजिन सुरू करते. ते अंश दोन पर्यायांतून निवडता येतात, ३५ फॅरेनहाइट किंवा १५. नवऱ्याने अर्थात १५ निवडले, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे नऊच्याही खाली. त्याच्या वरच्या थंडीत आम्ही कुडकुडणार, पण इंजिन थंड राहणार. सासूबाई शाल लपेटून मागून विचारायच्या, ‘पेट्रोल आहे ना गाडीत?’ ‘आहे, आई.’ ‘मग जळू दे की मेलं. आम्ही आहोत तोवर तरी.’ सासरे खिडकीवरच्या वाफेत बोटाने आकडेमोड करत असायचे.

उन्हाळ्यात वेगळंच. नवऱ्याने इंजिन इतकं वाचवलं की गाडीलाच काळजी वाटायला लागली. सहा आठवडे इंजिन फिरलं नाही तर पडद्यावर सूचना येते: देखभालीसाठी इंजिन थोडा वेळ चालवायला हवं. एखादा दिवस पुढे ढकलता येतं, त्याहून जास्त नाही. शिवाय पेट्रोल वर्षभर पडून राहिलं तर ते शिळं व्हायच्या आत गाडी आपणहून जाळून टाकते. एफडीचा माझा दाखला इथे लंगडा पडतो, कारण वडिलांची एफडी ठेवली तर वाढायची. नवरा सूचना वाचून उदास झाला. सासऱ्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. ‘दीपनगरला डिझेलचा जनरेटर होता. वीज गेली तरच लागणारा. पण ठरलेल्या दिवशी चालवून बघायचाच. अडीअडचणीला ठेवलेली वस्तू अडचणीआधी चालवली नाही तर अडचणीत ती चालत नाही.’ मग बापलेक रविवारी सकाळी चक्क इंजिन ऐकायला गाडीत जाऊन बसले.

पण मैल वाढवण्याचा सगळ्यात मोठा उपाय गाडी चालवण्यात नाहीच, तो प्लग शोधण्यात आहे. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या खऱ्या आकड्यांवरून दाखवून दिलं की तिथल्या प्लग-इन हायब्रीड गाड्या चाचणीत मानल्या होत्या त्याच्या साडेतीनपट धूर सोडतात, आणि याचं एक मोठं कारण म्हणजे लोक त्या पुरेशा वेळा प्लगला लावतच नाहीत. हे वाचून नवऱ्याला जेवण गेलं नाही. आमच्याकडे उलटी तऱ्हा. आम्ही कोणाकडे गेलो की दारातच, चपला काढायच्या आधी, तो यजमानाला हळूच विचारतो, ‘गॅरेजमध्ये प्लग आहे का रिकामा?’

मराठी घरात पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. चहाला नको म्हणणारा पाहुणा असतो, सरबताला नको म्हणणारा असतो, त्याला आग्रह कसा करायचा हे आपल्याला ठाऊक आहे. पण येऊन वीज मागणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं याची रीत अजून बसलेली नाही. चार तास लावली तर आठ अँपिअरने चारेक युनिट, म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास-साठ सेंट. ते देऊ करणं नवऱ्याला अवघड, घेणं यजमानाला अशक्य. मी त्यावर तोडगा म्हणून न्यायच्या डब्यात एक वाटी जास्त भरायला लागले. कोशिंबिरीच्या ऐवजी श्रीखंड न्यायचं, कारण आमचे मैल.

तर अशाच एका दिवाळीच्या फराळाला आम्ही फार्मिंग्टन हिल्सला एका मित्राकडे गेलो. इकडे तळणीचा वास घरभर बसतो म्हणून पुष्कळ देशी घरांत तळण गॅरेजमध्ये चालतं. गॅरेजचं दार अर्धं उघडं, विजेची कॉइलची शेगडी, तिच्यावर मोठी कढई, आणि स्वेटरवर एप्रन बांधलेल्या दोघीजणी बटाटेवडे सोडतायत. शेजारी जुना फ्रीज, त्यात माणसागणिक वाट्या भरून ठेवलेली बासुंदी. बाहेर छपराच्या कडेने लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. हे सगळं एकाच सर्किटवर आहे हे कोणाच्या गावी नव्हतं. नवऱ्याने कोपऱ्यातला प्लग हेरला, गाडीची वायर लावली, गाडीचा दिवा हिरवा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी माळ, फ्रीज, शेगडी, गाडी, सगळं एकदम गपगार. कढईत नुकता सोडलेला घाणा तेलात तसाच तरंगत राहिला.

यजमान एमआयटीतून पीएचडी. ते फोनचा टॉर्च घेऊन गॅरेजच्या भिंती चाचपायला लागले. एकाने त्यांना वीज कंपनीला फोन करायला सांगितलं. वडे तळणाऱ्या दोघींचं लक्ष एकाच माणसाकडे होतं आणि तो माणूस आपली वायर उगाच गुंडाळल्यासारखं करत होता. तेवढ्यात सासरे पुढे झाले. ‘बेसमेंटचा जिना कुठंय?’ निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या चालीत तो झपाटा मी पहिल्यांदा बघितला. खाली जाऊन त्यांनी पॅनेल उघडलं, एकच खटका पडला होता, तो वर ढकलला नाही. वर येऊन पहिल्यांदा विचारलं, ‘लोड किती टाकलाय याचा काही हिशोब?’ शेगडी दीड किलोवॉट, गाडी एक, फ्रीज आणि माळ किरकोळ. खटका पंधरा अँपिअरचा. त्यांनी बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं: आधी वडे. वडे झाले की शेगडी बंद, मग गाडी. फ्रीज आणि माळ अखंडित. ‘भारनियमन म्हणतात याला,’ ते जमलेल्या मुलांना म्हणाले. मुलांनी ती गोष्ट अमेरिकेत जन्मल्यामुळे कधी पाहिलेली नव्हती. मग खाली जाऊन खटका वर केला, माळ पेटली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी सासऱ्यांना तीनदा वडे आग्रहाने वाढले गेले. आम्हाला मिळायचे होते त्याच्यापेक्षा सहा मैल कमी मिळाले.

परत येताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, ‘ही वीज येते कुठून?’ बरीचशी मन्रोच्या केंद्रातून, ईरी सरोवराच्या काठी, तीन हजार मेगावॉटहून मोठं, कोळशावरचं. पुढच्या शनिवारी आम्हाला तिकडे जावं लागलं. आय-७५ वरून धुराडी दिसल्यावर ते गप्प झाले. बराच वेळ बघत राहिले. ‘दीपनगरला एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जायचा,’ ते म्हणाले. ‘लोकांना वाटतं पेट्रोल वाचवलं म्हणजे झालं. तू हीटर बंद ठेवतोस ना, ते मला त्यासाठी पटतं. पेट्रोलसाठी नाही.’ नवऱ्याला बाजूने बोलणारं माणूस मिळालं, पण मुद्दा बदलून. त्या मन्रोच्या फेरीत परतीला आमचं इंजिन अर्थातच सुरू झालं, त्याबद्दल मात्र दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

पुढे जुलै २०१७ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन मिशिगनमध्येच, ग्रँड रॅपिड्सला भरलं. आमच्यापासून सव्वाशेहून जास्त मैल. मुलीला मैत्रिणीच्या मिनीव्हॅनमध्ये बसवलं म्हणजे उरलो चार. नोवायमधून ग्रँड रिव्हर नावाचा जुना रस्ता जातो, तो हायवे व्हायच्या आधीपासून तिकडेच जायचा. नवऱ्याने नकाशा उघडून त्या रस्त्याकडे बघायला सुरुवात केली तेव्हा मी सांगितलं की अधिवेशन संपायच्या आत पोचायचंय. शेवटी हायवेनेच गेलो, आणि त्या प्रवासात मला त्याच्यातला खरा जाणकार दिसला. निघाल्या निघाल्या त्याने ‘होल्ड’चं बटण दाबलं. म्हणजे बॅटरी राखून ठेव, इंजिन चालू दे. ज्या इंजिनासाठी आम्ही हिवाळे काढले ते लान्सिंगवरून पुढे ७० च्या वेगाने निवांत गुरगुरत होतं आणि नवरा शीळ घालत होता. ‘एकसारख्या वेगाला इंजिन चांगलं,’ तो म्हणाला. ‘बॅटरी गावात लागेल, थांबत-सुटत जाताना. तिथे पेट्रोल जळतं जास्त आणि गाडी चालते कमी.’ हायवेवर एफडी मोडून त्याने गावातली चिल्लर वाचवली. ग्रँड रॅपिड्समध्ये हॉटेल ते सभागृह, सभागृह ते जेवण, सगळं विजेवर, आवाज न करता. एका पहाटे नाट्यसंगीताच्या मैफिलीनंतर आमची गाडी इतकी मुकाट निघाली की पुढे चालणारे एक काका अंगावर येईपर्यंत सरकले नाहीत आणि मग म्हणाले, ‘अहो, हॉर्न तरी द्या. की तोही वाचवताय?’

फेब्रुवारी २०१९ मध्ये व्होल्टचं उत्पादन थांबलं. आमची अजून चालतेय. मुलगी तिच्यावरच शिकली. ती हायवेने जाते, हीटर पूर्ण लावते, गाणी मोठ्याने, आणि हिरवा गोळा तिच्यासमोर सदा पिवळा असतो. शेजाऱ्याने मागच्या महिन्यात नवी निव्वळ विजेची गाडी घेतली, एका चार्जमध्ये तीनशे मैल जाणारी. ड्राइव्हवेवर उभा राहून त्याने सहज विचारलं, ‘तुमची ही जुनी विजेवर किती जाते हो?’

नवऱ्याने हातातलं हवेचं गेज खिशात ठेवलं, गाडीला टेकला, आणि विचारलं, ‘कुठल्या महिन्यात? आणि चालवतंय कोण?’